सत्तेचाळिसाव्या पानाची साक्ष

एखाद्याचे काही काढून घेणे हा अपराध आहे, आणि त्याला दंड सांगितलेला आहे. परंतु ज्याचे काढून घेतले त्याच्याच हातून, प्रेमाने, ‘हे माझे नव्हते’ असे लिहून घेणे हे त्याहून निराळे कृत्य होय. त्यात बळजोरी नसते. उघड असत्यही बहुधा नसते. योग्य वेळी उच्चारायचा एक शब्द तेवढा ओठांआड थांबलेला असतो. असे करणारी व्यक्ती दुष्ट असतेच असे नाही, आणि ज्याच्या बाबतीत ते घडते तो मूर्ख असतो असेही नाही. म्हणून अशा गोष्टीचा न्याय करताना मनुष्याने आपला आवाज खाली ठेवावा हे बरे.

विद्यापीठाच्या रसायन विभागात, जिन्याखालच्या लांबट खोलीत, एक काचकारागीर एकतीस वर्षे काम करीत होता. प्रयोगशाळांना लागणाऱ्या ज्या नळ्या, चंबू आणि वळणदार पात्रे बाजारात मिळत नाहीत, ती तो ज्वालेवर काच वितळवून, तोंडाने फुंकून घडवी. विद्यार्थी त्याला फुंकरकाका म्हणत. फुफ्फुसे शाबूत राहावीत म्हणून त्याने तरुणपणीच तंबाखू सोडली होती, आणि बोटांवर भाजल्याच्या इतक्या खुणा होत्या की हजेरीच्या यंत्राला त्याचा अंगठा ओळखता येत नसे. शालेय शिक्षणापुढे तो गेला नव्हता. ही उणीव तो कोणाजवळ बोलून दाखवीत नसे. पण शोधनिबंधांचे गठ्ठे घेऊन जिन्यावरून चढणाऱ्यांकडे तो ज्या दृष्टीने पाहत असे, तिच्यात ती दिसे.

नऊ वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी त्याच्या दाराशी आली. हातात फुटलेला चंबू, डोळ्यांत पाणी.

"काका, हा माझ्या सरांचा आहे. परदेशातून आणलेला. ते उद्या येतायत."

"उद्या म्हणजे किती वाजता?"

"दहा."

"मग रडायला साडेनऊपर्यंत वेळ आहे. तोवर इकडे दे."

चंबू सांधला गेला आणि ऋणानुबंधही जुळला. पुढे ती संशोधिका झाली, तिला स्वतःची प्रयोगशाळा मिळाली, दारावर पाटी लागली. लोकांसमोर कारागीर तिला ‘मॅडम’ म्हणे. खोलीत दोघेच असले की ‘पोरी’ आणि ‘तू’. या दोन संबोधनांची त्याने कधी गल्लत केली नाही, आणि तिनेही त्याला कधी ‘काका’ शिवाय हाक मारली नाही.

तिचा विषय होता पिण्याच्या पाण्यातील शिसे. बोटभर लांबीची एक काचेची नळी. आतल्या बाजूस तिने सिद्ध केलेल्या रसायनाचा पातळ थर. नळीतून पाणी सोडले आणि थर जांभळा झाला, तर त्या पाण्यात शिसे आहे असे समजावे. वीज नको, यंत्र नको, एखाद्या गृहिणीलाही ते पाहता यावे. रसायन तिचे होते, आणि ते उत्तम होते. याविषयी या कथेत कोणालाच शंका नाही.

प्रयोगशाळेत एक रीत होती. संशोधकाने रोजचे काम प्रयोगवहीत शाईने लिहावे, आणि प्रत्येक पानाखाली दुसऱ्या कोणी ‘वाचले व समजले’ असे लिहून तारखेसह सही करावी. उद्या वाद निघाला तर अमुक दिवशी अमुक गोष्ट याच हातांनी झाली, याला ती साक्ष. संशोधिकेने या साक्षीसाठी काचकारागिराला निवडले होते.

"मी? अगं, वर एवढे पदवीवाले बसलेत."

"त्यांना वाटतं कळतं, काका. तुम्हाला कळतं."

हे वाक्य त्याने जन्मभर जपण्यासारखे जपले. दर शुक्रवारी तीन वाजता ती वही आणि चहाचा थर्मास घेऊन जिन्याखाली येई. तो हात धुऊन, चष्मा लावून, ओळ अन् ओळ वाची. अडले तर विचारी. आणि मग सावकाश, वळणदार अक्षरांत सही करी. सात वर्षे असे चालले. त्या सह्या हीच त्याची पदवी होती म्हणा ना.

त्यातल्या तिसऱ्या वर्षी विभागाने त्याच्या फुफ्फुसांची दया येऊन हवेचा कंप्रेसर घेतला. नळ्या आता यंत्राच्या हवेने फुगू लागल्या. दिसायला त्या अधिकच सुबक. पण आठवडा उलटला की आतला थर पापुद्र्यासारखा सुटे. संशोधिकेने रसायन बदलून पाहिले, तापमान बदलून पाहिले. तीन महिने तिच्या तोंडचे पाणी पळाले होते. कारागिराने कपाटातून स्वतःच्या फुंकरीच्या जुन्या नळ्या काढल्या. त्यांतला थर जागच्या जागी होता. मनुष्याच्या श्वासात ओल असते, यंत्राच्या हवेत नसते, एवढा विचार त्याने केला. मग सहा नळ्या यंत्रावर बनवल्या, त्यांतल्या तीन नळ्यांमधून त्या तापलेल्या असतानाच उकळत्या पाण्याची वाफ सोडली, सगळ्यांत संशोधिकेचे रसायन भरले, आणि दहा दिवस त्या खिडकीत ठेवल्या. वाफ प्यालेल्या तिन्ही नळ्यांतला थर टिकला. एका सोमवारी त्याने त्या तिच्या हातावर ठेवल्या.

"काचेला तहान लागली होती, पोरी. दुसरं काही नाही."

ती काही क्षण नळ्यांकडे पाहत राहिली, आणि मग तिने त्याचे भाजलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले. त्या क्षणात काहीही खोटे नव्हते.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, शुक्रवारची वाट न पाहता ती धावत आली. बगलेत एक निळी फाईल, हातात वही. सत्तेचाळिसावे पान. त्यावर तिच्या सुंदर अक्षरांत लिहिले होते, ‘तापलेल्या नळीच्या आतील पृष्ठभागास बाष्पाचा स्पर्श दिल्यास थर स्थिर राहतो, असे मला आढळले.’ त्याने वाचले. ‘मला’ या शब्दावर त्याची नजर क्षणभर थांबली. पण वहीत सगळे ‘मला’च लिहितात, तशी रीतच असते, असे म्हणून त्याने खाली लिहिले, ‘वाचले व समजले’. त्या दिवशी थर्मास नव्हता. घाईत असेल बिचारी, असे त्याला वाटले.

यानंतर चार वर्षे गेली. नळीवर शोधनिबंध झाले, कौतुक झाले. पण बहुतेक शोधांप्रमाणे हाही कागदावरच विसावतो की काय, अशी वेळ आली. तेव्हा विद्यापीठांतले शोध कारखान्यांपर्यंत आणि दुकानांपर्यंत पोचावेत म्हणून स्थापन झालेल्या एका निधीकडे तिने अर्ज केला. निधी मिळाला असता तर दीड वर्षात नळी घरोघरी जाणार होती. अट कडक पण रास्त होती. शोध कोणाकोणाचा, ती यादी निर्विवाद हवी. कारण बाजारात उतरल्यावर वाद निघाला तर सगळेच तोंडघशी पडतात.

तपासणीसाठी निधीचे अधिकारी आले. पूर्वाश्रमीचे रसायनज्ञ, मृदू बोलणारे, प्रत्येक वस्तू चष्मा कपाळावर चढवून पाहणारे. संशोधिका दूरध्वनीवर गुंतली असता ते आपण होऊनच जिना उतरून कारागिराच्या खोलीत शिरले.

"या नळ्या आपणच करता का?"

"करतो साहेब. बसा. ते स्टूल नको, ते डुगडुगतं. हे घ्या."

"अर्जात बाष्पप्रक्रिया म्हणून लिहिलं आहे. ती जरा दाखवाल?"

आयुष्यात प्रथमच कोणी विचारत होते. कारागिराने दाखवले, आणि दाखवता दाखवता सगळी हकीकतही सांगितली, कंप्रेसर, कपाटातल्या जुन्या नळ्या, खिडकीतले दहा दिवस. सांगताना तो खुलला होता.

"म्हणजे ही कल्पना आपली."

"आता कल्पना म्हणजे काय साहेब, फुंकणाऱ्याला फुंकरीचं कळतंच."

"शोधकर्त्यांच्या यादीत आपलं नाव आहे?"

"असेलच की. मॅडम कधी विसरायच्या नाहीत."

अधिकाऱ्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "यादीत एकच नाव आहे. आणि आपलं नाव दुसरीकडे आहे, साक्षीदार म्हणून. सत्तेचाळीस नंबरच्या पानावर." मग थोडे थांबून ते म्हणाले, "साक्षीदार शोधकर्ता नसतो. ती सही म्हणजे या शोधात आपला वाटा नाही, असं आपलंच म्हणणं ठरतं. हे कोणी सांगितलं नव्हतं आपल्याला?"

कारागिराने बर्नर बंद केला. ज्वालेचा आवाज थांबताच खोली फार मोठी वाटू लागली.

विसरली असेल, चुकले असेल, असे मनाला समजावीत तो तिच्या दालनात गेला. ती त्याला पाहून उठून उभी राहिली. अधिकारी काय बोलले असतील हे तिने ओळखले असावे.

"पोरी, यादीत माझं नाव राहिलंय बघ."

"काका, बसा ना."

"बसायला नाही आलो. राहिलंय ना नुसतं? चुकून?"

"काका, तुम्ही साक्षीदार आहात. साक्षीदाराचं नाव घालता येत नाही. नियमच आहे तसा, मी काय करू?"

"मग मला साक्षीदार कशाला केलंस?"

"तेव्हा कुठे माहीत होतं मला! सुरुवातीला कोणालाच माहीत नसतं हे. सह्या घ्यायच्या म्हणून घेतल्या."

त्याने मान हलवली. हे उत्तर खरे असावे अशी त्याची फार इच्छा होती. त्याने ते घेतलेही असते, आणि गपचूप जिना उतरलाही असता. पण मान खाली घालताना त्याची दृष्टी टेबलावर गेली. अर्जाच्या कागदांखाली एक निळी फाईल होती, बटनाची, कडेला पांढरी पट्टी असलेली. ती त्याने पूर्वी पाहिली होती.

"ही फाईल कसली गं?"

"ही? पेटंट कक्षाची. त्यांच्या कार्यशाळेत देतात सगळ्यांना."

"त्या मंगळवारी तुझ्या बगलेत होती."

तिचा हात फाईलकडे गेला आणि मध्येच थांबला.

"सोमवारी मी नळ्या दिल्या. मंगळवारी तू धावत आलीस. शुक्रवारची वाट नाही पाहिलीस, चहा नाही आणलास. फाईल होती. कार्यशाळा कधी होती तुमची?"

"त्याच दिवशी सकाळी."

"त्यात तो नियम सांगितला होता?"

बराच वेळ ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवीत राहिली. "पहिल्याच तासाला," ती म्हणाली. आणि मग एकदम, लहान मुलीसारखी, "काका, माझी कायम नोकरी अडकली होती हो त्या शोधावर. एकटीचं नाव लागत होतं. मला वाटलं, पुढे काहीतरी करून तुमचं घालू. दर शुक्रवारी वाटायचं."

"दर शुक्रवारी चहाही आणायचीस."

"हो."

"साखर बरोबर असायची," तो म्हणाला, आणि बाहेर पडला.

घरी त्याची पत्नी शिवणयंत्रावर बसली होती. तिने सगळे ऐकले, दोरा दाताने तोडला, आणि तोफ डागली.

"सात वर्षं सह्या ठोकत होतात! एकदा तरी विचारलंत, ही सही कशाकशाला लागू होते म्हणून?"

"वाचून करत होतो."

"वरचं वाचलंत. खालचं कोणी वाचायचं, मी? इथे मी दुधाच्या कार्डावर सही केली तर तीनदा चष्मा पुसायला लावता!"

"ती माझी पोर आहे असं समजत होतो."

यावर पत्नीने कापड बाजूला सारले. "केसानं गळा कापला तिनं," ती हळू म्हणाली. "आता काय करणार आहात?"

"उद्या साहेबांनी दोघांना बोलावलंय. सही माझी का, विचारतील. हो म्हटलं तर माझं नाव कायमचं गेलं. आणि खरं सांगितलं तर ती साक्ष खोटी ठरते. एक खोटी ठरली की मागच्या सगळ्या सह्यांवर कोण विश्वास ठेवणार? माझ्याकडे दुसरं आहे काय, सांग. शिवाय निधी थांबेल. नळी थांबेल."

"नळी थांबू दे की चार महिने. माणसं आजवर पाणी पितच होती."

"शिशाचं पितायत."

पत्नीने यंत्राचे चाक हाताने एकदा फिरवले. "हे बघा, बोलायचं तर बोला, गप्प बसायचं तर बसा. पण गप्प बसून मग माझ्या स्वयंपाकघरात येऊन उसासे टाकायचे नाहीत. तुमची फुंकर मोठी आहे, भांडी पडतात."

तो हसला. त्या दिवसातले ते पहिले आणि शेवटचे हसू.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तिघे एका लहान खोलीत बसले. मध्ये प्रयोगवही उघडी होती. अधिकाऱ्यांनी ती कारागिराकडे वळवली.

"ही सही आपली?"

"माझी."

"मजकूर वाचून केलीत?"

"वाचून. मॅडमचं अक्षर छान आहे, वाचायला कष्ट पडत नाहीत."

"मग यात जे लिहिलं आहे ते..."

कारागिराने हात टेबलावर ठेवले. ते थरथरत नव्हते. एकतीस वर्षे वितळलेल्या काचेसमोर न थरथरण्याची त्यांना सवय होती.

"साहेब, सही खरी आहे, साक्ष खोटी आहे. वाफ द्यायची ही गोष्ट मला सुचली. मी करून पाहिली, मीच मॅडमना नळ्या दिल्या. ती गोष्ट त्यांची म्हणून मी खाली लिहून दिलं. असं लिहून दिलं की काय होतं, ते मला माहीत नव्हतं. पण सही करणाऱ्यानं विचारायला हवं होतं, हेही खरं. तेवढी चूक माझी लिहा. बाकी रसायन सगळं त्यांचं आहे. त्यात माझा कणभर हात नाही, तेही लिहा."

अधिकारी संशोधिकेकडे वळले. "आपल्याला काही सांगायचं आहे?"

ती वहीकडे पाहत होती. ती म्हणू शकत होती की म्हातारा माणूस आहे, आठवणीत घोळ होतो. कागद तिच्या बाजूने होता. खिडकीबाहेर कोणी गाडी मागे घेत होते, तिचा पीं पीं आवाज बराच वेळ येत राहिला.

"काका म्हणतात ते बरोबर आहे," ती म्हणाली.

अर्ज परत आला. शोधकर्त्यांची यादी दुरुस्त करावी, सात वर्षांच्या वह्या त्रयस्थाकडून तपासून घ्याव्यात, आणि पुढच्या फेरीत पुन्हा यावे, असा त्यावर शेरा होता. विभागात कुजबुज झाली. कोणी म्हणाले, म्हाताऱ्याने निवृत्तीला चार महिने उरले असताना होत्याचे नव्हते केले. कोणी म्हणाले, बाईंना बरा धडा मिळाला. दोन्ही पक्षांच्या लोकांनी कारागिराच्या पाठीवर थाप मारली, आणि त्याला त्या दोन्ही थापा सारख्याच नकोशा वाटल्या.

सहा आठवड्यांनी, एका शुक्रवारी तीन वाजता, संशोधिका जिना उतरून आली. एका हातात नवा अर्ज, दुसऱ्या हातात थर्मास. यादीत दोन नावे होती. तिने अर्ज त्याच्यासमोर ठेवला आणि ती सवयीने स्टुलावर बसू लागली.

"ते डुगडुगतं," कारागीर म्हणाला. "त्या खुर्चीवर बसा, मॅडम."

खोलीत दोघेच होते. तिने ते ऐकले, आणि बसायची ती उभीच राहिली.

त्याने हात धुतले, चष्मा लावला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, बारीक छापलेल्या अटींसकट, त्याने अर्ज वाचला. तीन ठिकाणी अर्थ विचारला, तिने सांगितला. तास होऊन गेला. मग आपल्या नावासमोर त्याने सही केली, त्याच सावकाश, वळणदार अक्षरांत, आणि कागद तिच्याकडे सरकवला. कितीतरी वर्षे मनात धरलेली गोष्ट त्या ओळीत लिहिलेली होती. आनंद होईल असे त्याला वाटले होते.

"चहा ओतू, काका?"

"नको. हल्ली घरीच घेतो."

दाराशी जाऊन ती वळली. "एक विचारू? निधीची अट नसती, साहेब आले नसते, तर मी कधीतरी आपणहून तुमचं नाव घातलं असतं, असं वाटतं तुम्हाला?"

कारागीर काचेच्या दांड्या निवडीत होता. त्याने मान वर केली नाही.

"तुम्हाला काय वाटतं, मॅडम?"

ती उत्तरासाठी थांबली होती, आणि उत्तर तिलाच द्यायचे होते. काही वेळाने जिन्यावर तिची पावले वाजली, नेहमीपेक्षा सावकाश. थर्मास ती टेबलावर विसरली होती. किंवा ठेवून गेली होती. त्या बाबतीतही आता निश्चित सांगता येण्यासारखे काही उरले नव्हते. नाव मिळाले, पण ते तिच्या मनातून आले की शेऱ्यातून, हे जाणण्याची वाट कायमची बुजली होती. यादीवरच्या कोणत्याही शाईने ती उघडणार नव्हती.

नव्या तपासणीसाठी बारा नळ्या हव्या होत्या. कारागिराने कंप्रेसरचे बटन बंद केले, बर्नर पेटवला, आणि दांडी ज्वालेत धरून, निवृत्तीपूर्वीच्या उरल्यासुरल्या श्वासाने, पहिली नळी तोंडाने फुंकली. ती निर्दोष उतरली. त्याने ती उजेडात धरून पाहिली आणि खिडकीत ठेवली.

त्या नळीतला थर टिको, आणि ज्या घरी ती जाईल तेथले पाणी निर्मळ निघो. जिने थांबवलेला शब्द अखेर उच्चारला, तिला पुढचा शब्द वेळेवर सुचो. आणि ज्याने आपल्या श्वासाची साक्ष उशिरा का होईना खरी दिली, त्या वृद्धाला स्वस्थ झोप लाभो.